बोलणारी पाटी आणि आमच्या घरातला वाद

२०२४ च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसला तो सलग पाऊस लागला होता ना, तीन दिवसांत डाउनटाउनला आठ इंचांच्या वर पडला, आणि इथे अख्ख्या वर्षाची सरासरीच चौदा इंचांच्या आसपास, म्हणजे अर्ध्या वर्षाहून जास्त पाऊस तीन दिवसांत. त्यातल्या रविवारी आम्ही कुणी घराबाहेर पडलोच नाही. नवरा सोफ्यावर, लेक तिच्या खोलीत, सासूबाई सहा महिन्यांसाठी आलेल्या त्या खिडकीपाशी बसून पाऊस बघतायत, आणि दुपारी शेजारच्या बाईंची लाइट गेली म्हणून त्याही हातात टॉर्च घेऊन आमच्याकडे आल्या. मी म्हटलं हा चान्स परत येणार नाही, आणि रिमोट हातात घेऊन सगळ्यांना 'एल.ए. स्टोरी' दाखवला.

हा सिनेमा मी या शहरात आल्यावर दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी एकटीने बघितला होता आणि तेव्हापासून तो माझा आहे, म्हणजे असं असतं ना एखाद्या सिनेमाचं, की तो आपण कुणाला दाखवायला घाबरतो, कारण समोरच्याला नाही आवडला तर आपल्यालाच लागतं. आणि तसंच झालं. चार माणसं बसली आणि चार तऱ्हांची मतं निघाली, आणि रात्री जेवताना जो वाद सुरू झाला तो पुढचा आठवडाभर चालला. त्याबद्दलच लिहायचं आहे.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९१ चा सिनेमा, तोही फेब्रुवारीतच आलेला. लिहिलाय स्टीव्ह मार्टिनने आणि नायकही तोच. तो हॅरिस नावाचा माणूस, टीव्हीवर हवामान सांगतो, पण जिथे रोज ऊनच असतं तिथे हवामानात सांगायचं काय, म्हणून तो माकडचाळे करत सांगतो. लोक हसतात, नोकरी चालू आहे, गर्लफ्रेंड आहे, मित्रमंडळी आहेत, आणि आतून माणूस पूर्ण पोकळ झालाय पण त्याला ते कळतही नाहीये कारण बाहेर सगळं छान आहे. मग एका रात्री फ्रीवेवर त्याची गाडी बंद पडते, तो कडेला उभा असतो आणि रस्त्यावरची ती मोठी इलेक्ट्रॉनिक पाटी, जिच्यावर ट्रॅफिकच्या सूचना येतात, ती त्याच्याशी बोलायला लागते. अक्षरं उमटतात. विचारते, बरा आहेस ना. आणि मग त्याला एक कोडं घालते आणि सांगते की हवामान तुझं आयुष्य दोनदा बदलणार आहे. पुढे लंडनहून या शहरावर लेख लिहायला आलेली सारा भेटते, तिच्यावर त्याचा जीव जडतो, मध्ये एक तेवीस वर्षांची उड्या मारत चालणारी मुलगी येते, साराचा आधीचा नवरा तिच्या मागे लागलेला असतो, आणि असं करत करत शेवटी पाऊस.

तर नवऱ्याचं मत आधी, कारण तो सगळ्यात आधी बोलला, पंचविसाव्या मिनिटालाच. "अगं गोष्ट कुठाय यात? नुसती चुटक्यांची माळ आहे." आणि हे मत त्याचं एकट्याचं नाही, हा सिनेमा ज्यांना ज्यांना मी सुचवलाय त्यातल्या निम्म्यांनी हेच म्हटलंय. पहिला अर्धा तास खरंच तसा आहे. शेजारच्या घरी जायचं तर हॅरिस गाडीत बसतो, स्टार्ट करतो, दहा पावलं गाडी नेतो आणि उतरतो. एटीएमपाशी पैसे काढणाऱ्यांची एक रांग आणि त्यांच्यासमोर लुटणाऱ्यांची दुसरी रांग, अगदी शिस्तीत, आपला नंबर आला की लुटारू नाव सांगून ओळख करून देतो. एकामागून एक असे सीन येत राहतात आणि कथा काही पुढे सरकत नाही हे मान्यच आहे मला. पण नवऱ्याला मी एवढंच विचारलं की तू पहिल्यांदा इथे आलास तेव्हा तुझ्या आयुष्यात तरी कुठे गोष्ट होती रे? आम्ही २००९ ला आलो तेव्हा पहिलं वर्ष असंच तुकड्यातुकड्यांत गेलं. एक गंमत दिसली, एक धक्का बसला, एक ओळख झाली ती पुढे गेलीच नाही. नव्या मोठ्या शहरात माणसाला सुरुवातीला तुकडेच मिळतात, त्यांची गोष्ट व्हायला कुणीतरी जवळचं भेटावं लागतं. सारा येईपर्यंत हॅरिसकडे गोष्ट नाही, किस्से आहेत. हे लिहिणाऱ्याने मुद्दाम केलंय असं माझं ठाम मत आहे, नवऱ्याचं ठाम मत आहे की मी सिनेमाचा कच्चेपणा झाकतेय.

एका सीनला मात्र तो सोफ्यावरून उठून बसला. हॅरिसला एका भारी रेस्टॉरंटमध्ये टेबल हवं असतं, नाव फ्रेंच उच्चारातलं पण स्पेलिंग वाचलं तर सरळ 'इडियट', आणि तिथे टेबल देण्याआधी मॅनेजर आणि शेफ मिळून त्याची सगळी आर्थिक कुंडली तपासतात. पॅट्रिक स्टुअर्ट आहे त्या मॅनेजरच्या रोलमध्ये. बँकेतली शिल्लक, घर, सगळं बघून झाल्यावर ठरतं की या माणसाला बदक परवडणार नाही, याने चिकन खावं. नवरा म्हणाला, "हे तर आपलं!" आणि खरंच आमचंच होतं. पहिल्यांदा अपार्टमेंट भाड्याने घेताना त्या लीजिंग ऑफिसातल्या बाईंनी आमचे कागद टेबलवर पसरून ठेवले होते, क्रेडिट हिस्टरी शून्य, कारण देशात येऊन जेमतेम तीन आठवडे झालेले, आणि त्या एका बोटाने एकेक आकडा खाली सरकवत वाचत होत्या, ओठ हलत होते पण आवाज येत नव्हता, मी त्यांच्या नखावरच्या निघालेल्या पॉलिशकडे बघत बसले होते कारण दुसरीकडे बघायची हिंमत नव्हती. तेव्हा आम्हाला दोघांनाही हसू आलं नव्हतं. पंधरा वर्षांनी त्या रविवारी आलं, इतकं की सासूबाईंना कळेना काय झालं.

लेकीचं मत सगळ्यात कडक. ती तेव्हा चौदा वर्षांची, इथेच जन्मलेली, तिचं शहर आहे हे, आमच्यासारखं नंतर मिळवलेलं नाही. तिचा पहिला प्रश्न, "मम्मा, बाकीचे लोक कुठे आहेत?" मला आधी कळलंच नाही. मग म्हणाली, म्हणजे आपण कुठे आहोत, माझ्या वर्गातली मुलं कुठे आहेत. आज या शहरात जवळजवळ निम्मे लोक लॅटिनो आहेत, कोरियन आहेत, आर्मेनियन आहेत, ब्लॅक आहेत, फिलिपिनो आहेत, आणि सिनेमातल्या शहरात सगळे गोरे, सगळे पैसेवाले, सगळ्यांना दुपारच्या जेवणाला दोन-दोन तास वेळ आहे. शहराची टिंगल करतोय म्हणता, पण कुठल्या शहराची, दोन-तीन झिप कोडांची?

माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आता लिहिताना पण नाहीये. ऑफिसमधल्या मैत्रिणीला मी नंतर सिनेमा बघायला लावला, तिचे आईवडील मेक्सिकोहून आलेले, तर तिने पण तेच म्हटलं, फक्त हसत हसत. सिनेमात एक हॉटेल आहे, 'एल पोयो देल मार', ऐकायला मस्त रोमँटिक समुद्रकिनारी वाटतं आणि स्पॅनिशमध्ये अर्थ निघतो समुद्राची कोंबडी. ती त्याला पोट धरून हसली आणि मग म्हणाली, बघ, आमची भाषा जोकला घेतली, माणसं नाही घेतली.

आणि तारखा बघितल्या की हे आणखीच बोचतं. सिनेमा आला ८ फेब्रुवारी १९९१ ला. ३ मार्चला, म्हणजे महिना पण झाला नव्हता, पोलिसांनी रॉडनी किंग या ब्लॅक माणसाला बेदम मारहाण केली आणि ती एका माणसाने आपल्या बाल्कनीतून शूट केली. पुढच्या वर्षी २९ एप्रिलला निकाल लागला, ज्युरीने त्या पोलिसांना जवळपास सगळ्या आरोपांतून सोडलं आणि शहर पेटलं, साठाहून जास्त माणसं गेली. हे सगळं ज्या शहरात आतल्या आत उकळत होतं त्याच शहरावरचा हा सिनेमा आणि त्यात त्याची चाहूलसुद्धा नाही. मला हा सिनेमा इतका मनापासून आवडतो म्हणूनच हे लिहायला हवं. लेक बरोबर आहे. प्रेमात पडलेल्या माणसाला शहराचा जेवढा भाग दिसतो तेवढाच यात आहे, आणि तो भाग छोटा आहे.

तिचा दुसरा आक्षेप त्या तेवीस वर्षांच्या मुलीबद्दल. सारा जेसिका पार्करने केलंय ते काम आणि काय केलंय, एका जागी उभी म्हणून राहत नाही, गिरक्या घेत, उसळत चालते. कपड्यांच्या दुकानात काम करते. नाव सॅन्डी, पण ती ते लिहिते असं की मधेच काही अक्षरं कॅपिटल आणि शेवटी एक चांदणी, देवनागरीत ही गंमत करताच येत नाही कारण आपल्याकडे लहान-मोठी लिपी नाही. लेकीला ती मुलगी खूप आवडली, पण चाळिशी उलटून गेलेला हॅरिस तिच्याबरोबर फिरतो हे अजिबात नाही आवडलं, ती तोंड वाकडं करून बसली होती तेवढा वेळ. मला वाटतं सिनेमालाही ते फारसं पटलेलं नाही, कारण हॅरिस तिच्याबरोबर असताना कायम थोडा ओशाळलेला दिसतो, पण लेक म्हणाली ओशाळला तरी गेलाच ना.

आणि एक गोष्ट तिची मला फार लक्षात राहिली. सिनेमात ते सगळे जण जेवायला बसलेले असतात आणि शेवटी कॉफी मागवतात, प्रत्येकाची ऑर्डर आधीच्यापेक्षा विचित्र, डिकॅफ, मग डबल डिकॅफ, मग अर्धी डिकॅफ आणि वर लिंबाची साल. आम्ही मोठी माणसं हसलो. लेक आमच्याकडे बघत होती. "यात जोक काय आहे?" खरंच विचारत होती ती. तिच्या पिढीत सगळे अशीच कॉफी मागवतात, त्याहून लांबलचक. १९९१ ला जी अतिशयोक्ती होती ती आता साधी सवय झाली. बरेच लोक म्हणतात की सिनेमा जुना झाला, मला वाटतं शहर त्याच्या मागोमाग चालत आलं.

त्याच जेवणाच्या सीनमध्ये भूकंप होतो. टेबल हलतंय, ग्लास खळखळतायत, माणसं खुर्च्यांसकट सरकतायत, आणि कुणी गप्पा थांबवत नाही. बाहेरगावचे लोक हा सीन बघून म्हणतात की फारच ताणलंय. इथे राहणारे म्हणतात, नाही, असंच असतं. २०१९ ला ५ जुलैला संध्याकाळी रिजक्रेस्टचा ७.१ चा झाला तेव्हा आम्ही चार कुटुंबं एकत्र जेवत होतो, इतक्या लांबवर तो हळूहळू बोटीसारखा डोलत जाणवला, आणि माझ्या डोळ्यांसमोर एका मित्राने वरच्या दिव्याकडे बघितलं, आकडा किती असेल त्याचा अंदाज सांगितला, आणि पुढचा घास घेतला.

पण शेजारच्या बाई त्या सीनला हसल्या नाहीत. त्यांचं वय ७८, जन्म इथलाच, आणि त्या दिवशी आमच्यात खरा प्रेक्षक कोण असेल तर त्याच होत्या, कारण त्यांनी हा सिनेमा १९९१ ला थिएटरमध्ये बघितला होता. त्या सांगत होत्या की तेव्हा त्या सीनला थिएटरभर हशा, टाळ्या. आणि मग १७ जानेवारी १९९४, पहाटे ४.३१, नॉर्थरिज. ६.७ चा. त्यांच्या घराची विटांची चिमणी मागच्या अंगणात कोसळली, नवऱ्याने त्यांना हाताला धरून अंधारात बाहेर काढलं, अनवाणी, खाली सगळीकडे काच. त्यानंतर कित्येक वर्षं त्यांनी हा सिनेमा लावला नाही. त्यांच्या घरी मी नेहमी जाते, दिवाणखान्यात कपाटावर चिनीमातीचे दोन पक्षी आहेत, निळे, एकदा मी पुसायला म्हणून उचलायला गेले तर तो पक्षी उचलेचना, तळाला पुट्टी लावून फळीला चिकटवलेला, ती भूकंपाची पुट्टी मिळते इथे दुकानात. तीस वर्षं ते पक्षी तिथेच आहेत, त्यांच्याखालची धूळही कधी निघाली नाही.

त्यांनीच फ्रीवेवरच्या गोळीबाराच्या सीनचं सांगितलं. सिनेमात वसंत ऋतूचा पहिला दिवस उजाडतो आणि जसा शिकारीचा मोसम सुरू व्हावा तसे फ्रीवेवर सगळे ड्रायव्हर एकमेकांवर गोळ्या झाडत चाललेत, हॅरिससुद्धा निवांतपणे पिस्तूल काढतो. मला हा सीन नेहमी थोडा अंगावर यायचा, मी समजत होते की नुसता वेडेपणा आहे. तर तो वेडेपणा नव्हता. १९८७ च्या उन्हाळ्यात खरोखर या फ्रीवेंवर एकामागून एक गोळीबार झाले होते, कुणी कट मारला, कुणी हॉर्न दिला, एवढ्यावरून. बाई म्हणाल्या, त्या उन्हाळ्यात आम्ही शेजारच्या गाडीकडे बघायचंसुद्धा टाळायचो, मान सरळ ठेवून गाडी चालवायचो, आणि चार वर्षांनी थिएटरच्या अंधारात त्यावर सगळे मिळून हसलो तेव्हा कुठे मान मोकळी झाली. त्यांनी हे सांगताना स्वतःच्या मानेला हात लावला. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की या सिनेमाला लोक 'हलकाफुलका' म्हणतात ते अर्धवट आहे. ज्या गोष्टींची लोकांना भीती होती, भूकंप, लूट, गोळ्या, त्याच निवडून त्यांच्यावर हसायला लावलंय.

आणि हे घरच्या माणसालाच जमतं. स्टीव्ह मार्टिन जन्मला टेक्सासमध्ये पण वाढला इथेच, लहानपणी डिस्नेलँडमध्ये काम केलेला पोरगा तो. आणि दिग्दर्शक मिक जॅक्सन मात्र ब्रिटिश, बाहेरचा, आधी बीबीसीसाठी अणुयुद्धावरची 'थ्रेड्स' नावाची अंगावर काटा आणणारी फिल्म करून आलेला, आणि याच्या पुढच्याच वर्षी त्याने 'द बॉडीगार्ड' केला. लेखक घरचा आणि डोळे पाहुण्याचे, त्यामुळे शब्दांत कुठेही तुच्छता नाही आणि चित्रं बघाल तर अशी की जसं कुणी पहिल्यांदाच हे शहर बघतंय. ज्यांना ही टिंगल मवाळ वाटते, धार कमी वाटते, आणि असं म्हणणारे पुष्कळ आहेत, त्यांना मी हेच सांगते की आईने लेकराची केलेली नक्कल पण मवाळच असते, तिला सगळ्या खोडी माहीत असतात म्हणून ती जास्त खरी असते.

आता साराबद्दल. सगळ्यात जास्त तक्रार हिच्याबद्दल ऐकू येते, की ती थंड आहे, दोघांचं जमलेलं वाटतच नाही. नवरा पण हेच म्हणाला. मी म्हटलं, अरे ती व्हिक्टोरिया टेनंट, तेव्हा ती खरोखरची त्याची बायको होती, १९८६ ला लग्न झालं होतं त्यांचं. त्याचा विश्वासच बसेना. (पुढे १९९४ ला वेगळे झाले, हे कळल्यावर त्या दोघांचे सीन परत बघताना मला कसंतरी होतं.) माझं म्हणणं असं की ती थंड नाही, ती परकी आहे. ती ट्युबा वाजवते, तिला हे शहर कळत नाही आणि तरी ते वाईट आहे असं ती ठरवून येत नाही. तिला शहर दाखवताना हॅरिस अभिमानाने सांगतो की इथल्या काही इमारती वीस वर्षांहून जुन्या आहेत, आणि सारा त्याला खाली पाडत नाही, ती बघते. लंडनची बाई, दोन हजार वर्षांचं गाव, आणि वीस वर्षांची इमारत ती मान वर करून बघते. प्रेम करायला एवढं पुरतं असं मला वाटतं. मग तो बागेतला सीन, एन्या या गायिकेचा आवाज, फुलं उमलतायत आणि ही दोघं चालता चालता लहान मुलं होतात. नवऱ्याला तो सीन अति वाटला. माझे डोळे दर वेळी भरून येतात, याही वेळी आले.

वीस वर्षांवरून आठवलं. हॅरिस रोलरस्केट्स घालून ज्या म्युझियममधून सुसाट जातो ते विल्शर बुलेव्हार्डवरचं लॅक्मा, तिथल्या मूळ इमारती १९६५ च्या. मी त्या दालनांत लेकीला बाबागाडीत घेऊन फिरलेय, गुळगुळीत फरशी, आणि एकदा एकटीच असताना मीसुद्धा बाबागाडी थोडी पळवली होती तो सीन आठवून. २०२० ला त्या इमारती पाडल्या. पुरी साठी पण गाठली नाही त्यांनी. सिनेमातला जोक होता की इथे काही जुनं होऊ देत नाहीत, आणि सिनेमातली जागाच त्यात गेली. आता ती दालनं बघायची तर या सिनेमातच.

सासूबाईंचं मत राहिलं. त्यांना इंग्रजी फार येत नाही, सबटायटल भराभर जातात, मधेमधे मी सांगत होते. त्या पूर्ण वेळ शांत बसून होत्या, मला वाटलं कंटाळल्या. सिनेमा संपल्यावर नवरा म्हणाला, काय आई, पाटी बोलते म्हणे, काहीतरीच ना? तर त्या म्हणाल्या, "त्यात काय काहीतरी? कंसाला नाही का आकाशवाणी झाली? त्याच्या रथात तो होता, याच्या गाडीत हा. ज्या काळाला जे तोंड." आणि मग म्हणाल्या, "फरक एवढाच, की तो रथ हाकत होता तेव्हा झाली. याची गाडी बंद पडली तेव्हा झाली. चालू गाडीत याने वाचली नसती."

मी गप्पच झाले. हा सिनेमा मी निदान दहा वेळा बघितलाय आणि हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. पाटी रोजच तिथे होती, रोजच तिच्यावर अक्षरं असणार, हॅरिस रोज तिच्याखालून जात होता. सगळे चुटके आठवून बघा आता, शेजारी जायला गाडी, शॉर्टकटने लोकांच्या अंगणांतून गाडी, गोळ्या झाडायच्या त्या पण चालत्या गाडीतून. या शहरात माणूस काचेच्या आत असतो आणि त्याच्याशी कुणी बोलत नाही, आणि ज्या क्षणी तो कडेला उभा राहतो त्या क्षणी शहरच विचारतं, बरा आहेस ना. टिंगल वेगळी आणि प्रेमकथा वेगळी असं लोक म्हणतात, मला ती एकच वाटते, आणि का वाटते ते मला सासूबाईंमुळे सापडलं. शेवटीही तसंच होतं ना, वादळ येतं, विमानं उडू शकत नाहीत, साराला थांबावं लागतं. जो शहराचा कधीच न येणारा पाऊस, ज्याच्यामुळे आधी त्याची नोकरी गेली, कारण त्याने शनिवार-रविवारचं ऊन आधीच रेकॉर्ड करून ठेवलं होतं, तोच पाऊस तिला अडवून ठेवतो.

शेजारच्या बाई तेवढ्यात उठून खिडकीपाशी गेल्या. त्यांची लाइट आली होती, समोर त्यांच्या स्वयंपाकघरात पिवळा उजेड दिसत होता. तरी त्या गेल्या नाहीत, रात्री जेवूनच गेल्या.

बुधवारी सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, ४०५ फ्रीवेने. पाऊस थांबला होता पण रस्त्यावर माती, फांद्या, आणि रेडिओवर सिग अलर्ट, म्हणजे रस्ता अडल्याची सूचना, तो शब्द पण इथलाच, लॉइड सिगमन नावाच्या रेडिओवाल्याने १९५५ ला ती पद्धत सुरू केली म्हणून सिग. सेपुलवेडाच्या चढावर गाड्या पूर्ण थांबल्या. समोर कॅलट्रान्सची, म्हणजे इथल्या राज्याच्या रस्ते खात्याची पाटी, बरोबर आमच्या डोक्यावर. सासूबाईंनी पर्समधून चष्मा काढला, पुसला, लावला, आणि काचेला नाक लावून वर बघायला लागल्या. पाटी बंद होती, काळी.

"आज काही म्हणत नाहीये," त्या म्हणाल्या.

पुढची गाडी हलली तरी मी अर्धा मिनिट तिथेच थांबले, मागच्याने हॉर्न दिला.